काळजीचा खर्च कोणत्या पिढीने उचलायचा?

म्हातारपण बहुतेकांना येते. अंथरुणाला खिळणे मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. एखादी आजी नव्वदीपर्यंत स्वतःची भाकरी स्वतः थापते आणि एका रात्री झोपेतच जाते. तिच्याच वयाची दुसरी आजी पक्षाघातानंतर आठ वर्षे दुसऱ्याच्या हातून जेवते. यांपैकी आपल्या नशिबी काय आहे, हे चाळिशीत कोणालाच सांगता येत नाही. ज्याच्यावर वेळ येते, त्याची जन्मभराची पुंजी मात्र त्यात संपू शकते. धोका सगळ्यांना, घाव थोड्यांवर आणि घाव मोठा, अशी स्थिती असेल तिथे माणसांनी विमा शोधून काढला आहे.

दवाखान्यासाठी तो आपल्याला ठाऊक आहे. पण उठवून बसवणे, अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, रात्री-अपरात्री शौचाला नेणे ही कामे औषधोपचारात धरली जात नाहीत आणि आरोग्य विमा सहसा त्यांचे पैसे देत नाही. रुग्णालयातून घरी सोडल्यावर सुरू होणाऱ्या, महिनोन्‌महिने आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या या कामांना दीर्घकालीन शुश्रूषा म्हणतात. काही देशांनी तिच्यासाठी वेगळा, सक्तीचा सार्वजनिक विमा काढला. तसे करताना प्रत्येकाला एका अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागले. आज जे वृद्ध आहेत त्यांनी या विम्याचा हप्ता कधी भरलेलाच नाही. त्यांचा खर्च आजच्या कमावत्यांनी उचलायचा, तर हे कमावते म्हातारे होतील तेव्हा, मुले कमी झालेल्या समाजात, त्यांचा खर्च कोण उचलणार?

हा खर्च आधीही होता

या प्रश्नाची चर्चा अनेकदा अशी होते, जणू विमा आला आणि तरुणांच्या डोक्यावर नवे ओझे आले. प्रत्यक्षात ओझे जुनेच आहे. ते घरातल्या स्त्रिया उचलत होत्या आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नव्हती.

जपानमध्ये ही नोंद पहिल्यांदा ठळकपणे एका कादंबरीने केली. सावाको आरियोशी यांची ‘कोकोत्सु नो हितो’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याचे सगळे करता करता नोकरी सांभाळणाऱ्या सुनेची ती गोष्ट आहे. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, कारण घरोघरी तेच चालले होते. १९७३ मध्ये सरकारने सत्तरीपुढच्या लोकांसाठी वैद्यकीय उपचार मोफत केले. त्याचा एक परिणाम असा झाला की, उपचाराची गरज नसलेले पण घरी पाहायला कोणी नसलेले हजारो वृद्ध रुग्णालयांच्या खाटांवर महिनोन्‌महिने राहू लागले. शुश्रूषेला वेगळी जागा नसली की ती सुनेच्या खांद्यावर तरी जाते, नाहीतर रुग्णालयाच्या बिलात तरी शिरते.

१९८०च्या दशकात केइको हिगुची यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियांनी हा विषय राजकारणात आणला. वृद्धांची काळजी ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, अशी त्यांची मागणी होती. पुढे कायद्याचा मसुदा होत असताना त्यांनी आणखी एक आग्रह धरला: विम्यातून कुटुंबाला रोख पैसे द्यायचे नाहीत, प्रत्यक्ष सेवाच द्यायची. रोख रक्कम घरात आली तर सुनेला ‘आता तुला पैसेही मिळतात’ असे सांगून पुन्हा त्याच खोलीत अडकवले जाईल, ही भीती त्यांना होती. जपानच्या विम्यात आजही रोख भत्ता नाही.

कायदा डिसेंबर १९९७ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २००० रोजी लागू झाला. तोपर्यंत विरोधही जोरात होता. सत्ताधारी पक्षाचे वजनदार नेते शिझुका कामेई यांना मुलांनी आईवडिलांना सांभाळण्याची सुंदर परंपरा यातून मोडेल असे वाटत होते. अखेर तडजोड म्हणून ६५ वर्षांवरील लोकांकडून पहिले सहा महिने हप्ता घेतला गेला नाही आणि त्यानंतर वर्षभर निम्माच घेतला गेला. परंपरा सुंदर होती, पण ती निभावणारे हात सहसा मुलाचे नसत, सुनेचे असत. पिढ्यांमधल्या न्यायाचा विचार करताना ही गोष्ट विसरली की हिशेबाची सुरुवातच चुकते.

पहिली चिठ्ठी कोणाची?

अशा विम्याचे पैसे उभे करण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एकात या वर्षी गोळा झालेले हप्ते याच वर्षीच्या वृद्धांवर खर्च होतात. दुसऱ्यात प्रत्येक पिढी आपले हप्ते साठवते, ते गुंतवले जातात आणि तीच पिढी म्हातारी झाल्यावर त्यातून खर्च होतो.

पहिला मार्ग भिशीसारखा आहे. भिशीत ज्याची चिठ्ठी पहिली निघते, त्याला एकच हप्ता भरून पूर्ण रक्कम मिळते, पण पुढचे सगळे हप्ते त्याला भरावेच लागतात. पिढ्यांच्या भिशीत पहिली चिठ्ठी उचलणारे पुढचे हप्ते भरायला राहत नाहीत; त्यांच्या जागी नवे सभासद यावे लागतात. सभासदांची संख्या वाढती किंवा निदान स्थिर असेल तोवर कोणाचे काही बिघडत नाही. ती घटू लागली की मागून आलेल्यांना जास्त भरून कमी मिळण्याची शक्यता वाढते.

मग दुसराच मार्ग का घेऊ नये? कारण त्यात सुरुवातीची तीस-चाळीस वर्षे कोरडी जातात. १९९५ मध्ये ऐंशी वर्षांची असलेली बाई आपला निधी साठेपर्यंत थांबू शकत नाही. शिवाय त्या बाईच्या पिढीने युद्धानंतरचा देश उभा केला आणि आपल्या सासू-सासऱ्यांचे स्वतःच्या हातांनी केले. तिला मिळालेली पहिली चिठ्ठी फुकटची म्हणता येत नाही. तिने आपला हप्ता आधीच श्रमात भरलेला होता.

म्हणून बहुतेक देश पहिल्या मार्गानेच निघाले. खरा प्रश्न पुढे आला: घटत्या सभासदांत हा मार्ग न्याय्य कसा ठेवायचा? जर्मनी आणि जपान यांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली.

जर्मनी: मूल वाढवणे हाही हप्ता

जर्मनीत १९९५ पूर्वी वृद्धाश्रमातल्या बहुसंख्य लोकांचे निवृत्तिवेतन तिथल्या खर्चाला पुरत नसे आणि उरलेले पैसे नगरपालिका गरिबांच्या साहाय्यातून भरत. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला शेवटी हात पसरावा लागत होता. मजूरमंत्री नॉर्बर्ट ब्ल्यूम यांनी वीस वर्षांच्या वादाला पूर्णविराम देत १९९४ मध्ये कायदा संमत करून घेतला. पगाराच्या १ टक्का वर्गणी ठरली. निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. मालकांवरच्या नव्या खर्चाची भरपाई म्हणून सॅक्सनी वगळता सगळ्या राज्यांनी एक धार्मिक सुट्टी रद्द केली. लोकांनी वर्षातून एक दिवस जास्त काम करायचे आणि त्यातून वृद्धांची शुश्रूषा व्हायची. सॅक्सनीने सुट्टी ठेवली, म्हणून तिथल्या कामगाराचा वर्गणीतला वाटा आजही जास्त आहे.

त्या सुमारास जर्मनीत दर स्त्रीमागे सरासरी सव्वा मूल जन्माला येत होते. दहा मुलांच्या एका बापाने घटनात्मक न्यायालयात तक्रार नेली. त्याचे म्हणणे साधे होते: हा विमा उद्याच्या कमावत्यांवर चालणार आहे. ते कमावते आम्ही वाढवतो, त्यांच्यासाठी कमाई सोडतो, आणि वर्गणी मात्र मूल नसलेल्यांइतकीच भरतो. ३ एप्रिल २००१ रोजी न्यायालयाने हे म्हणणे मूलतः मान्य केले. या विम्याला टिकायला दोन गोष्टी लागतात, पैसे आणि पुढची पिढी. जो दोन्ही देतो आणि जो एकच देतो त्यांच्याकडून सारखी वर्गणी घेणे राज्यघटनेला धरून नाही, असा निकाल आला.

२००५ पासून मूल नसलेल्यांना ०.२५ टक्का अधिभार लागला. २३ वर्षांखालच्यांना आणि १९४० पूर्वी जन्मलेल्यांना तो नाही. ७ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: एक मूल आणि पाच मुले यांतही फरक करा. जुलै २०२३ पासून दुसऱ्या ते पाचव्या मुलामागे, ते मूल २५ वर्षांचे होईपर्यंत, पाव टक्का सूट मिळू लागली. २०२५ मध्ये मूळ दर ३.६ टक्के होता; मूल नसलेल्यांना, तोवर वाढलेल्या अधिभारासह, ४.२ टक्के आणि पाच लहान मुले असलेल्यांना २.६ टक्के.

ही रचना न्यायाच्या दिशेने आहे, पण तिच्याबद्दल अस्वस्थ वाटावे असेही काही आहे. ज्यांना मूल हवे होते पण झाले नाही त्यांच्याकडूनही अधिभार घेतला जातो. जी अविवाहित मुलगी नोकरी सोडून दहा वर्षे आईची शुश्रूषा करते, तीही अधिभार भरते, आणि तिच्या ज्या भावाला दोन मुले आहेत पण जो आईकडे फिरकत नाही, त्याला सूट मिळते. जर्मन विम्याने याची काही भरपाई दुसऱ्या वाटेने केली आहे. घरच्या माणसाची आठवड्याला किमान दहा तास शुश्रूषा करणाऱ्यासाठी, तो ३० तासांहून अधिक नोकरी करत नसेल तर, विमा निवृत्तिवेतनाची वर्गणी भरतो. मला हा नियम या साऱ्या कायद्यातला सर्वांत सुजाण वाटतो. शुश्रूषेत घालवलेली वर्षे त्या बाईच्या स्वतःच्या म्हातारपणातून वजा होऊ नयेत, याची तो काळजी घेतो.

जर्मनीने आणखी दोन गोष्टी केल्या. २००४ पासून निवृत्त लोक आपली पूर्ण वर्गणी स्वतः भरतात. आणि २०१५ पासून वर्गणीतला ०.१ टक्का देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे एका राखीव निधीत जातो. साठच्या दशकातली मोठी पिढी २०३५ नंतर शुश्रूषेच्या वयात येईल, तेव्हा तो निधी वापरायचा आहे. मोठी पिढी आज कमावती आहे, तेव्हाच तिच्याकडून थोडे बाजूला काढून घ्यायचे, असा हा विचार आहे. निधी लहान आहे, दिशा बरोबर आहे.

दर मात्र वाढतच गेला. १ टक्क्यापासून १९९६ मध्ये १.७, २०१७ मध्ये २.५५, २०२५ मध्ये ३.६. लाभार्थी १९९९ मध्ये सुमारे २० लाख होते. २०२३ च्या अखेरीस ५७ लाख झाले. ही सगळी वाढ वयाने झालेली नाही. २०१७ मध्ये पात्रतेची व्याख्या बदलली आणि शरीराने धडधाकट पण स्मृतिभ्रंशामुळे एकटे सोडता न येणारे लोक तिच्यात योग्य रीतीने आले. आधी ते वगळलेले होते, म्हणजे त्यांचा खर्च त्यांच्या बायका, नवरे आणि मुली सोसत होत्या.

जपान: म्हाताऱ्यांचाही वाटा, आपोआप वाढणारा

जपानने पगाराऐवजी वयाला मध्यवर्ती धरले. विमा चाळिशीपासून सुरू होतो, कारण त्या वयात आपले आईवडील म्हातारे होऊ लागतात आणि आपल्यालाही ते दिसू लागते. खर्चाचा निम्मा भाग करातून येतो: घरगुती सेवांसाठी २५ टक्के केंद्राचा, साडेबारा टक्के प्रांताचा आणि साडेबारा टक्के नगरपालिकेचा. उरलेला निम्मा विमाधारकांच्या हप्त्यांतून. हे हप्ते ४० ते ६४ वयाचे लोक आणि ६५ वर्षांवरील लोक दोघेही भरतात.

दोन गटांत वाटणी कशी करायची, याचे सूत्र फार विचारपूर्वक बेतलेले आहे. दोन्ही गटांची लोकसंख्या ज्या प्रमाणात असेल, त्याच प्रमाणात खर्च वाटायचा, म्हणजे दरडोई सरासरी भार सारखा राहतो. २००० मध्ये एकूण खर्चात वृद्धांच्या हप्त्यांचा वाटा १७ टक्के आणि मधल्या वयाचा ३३ टक्के होता. आता तो २३ आणि २७ आहे. समाज म्हातारा होत गेला तसा वृद्धांचा वाटा संसदेत भांडण न होता आपोआप वाढला. ‘तरुण थोडे आहेत म्हणून त्यांनी प्रत्येकी जास्त भरावे’ असे हे सूत्र कधीच म्हणत नाही.

वृद्धांच्या हप्त्याची देशभरातली सरासरी पहिल्या तीन वर्षांत महिना २,९११ येन होती. २०२४ ते २०२६ साठी ६,२२५ येन आहे. बहुतेकांचा हा हप्ता निवृत्तिवेतनातूनच कापला जातो, त्यामुळे तो कोणाच्या नजरेतून सुटत नाही. दर तीन वर्षांनी प्रत्येक नगरपालिका पुढच्या सेवांचा अंदाज बांधते आणि हप्ता ठरवते. जास्त सेवा हव्या तर जास्त हप्ता, हे नाते गावातल्या प्रत्येक निवृत्त माणसाला समजते. पण त्यातून फरकही पडतात. २०२४ पासूनच्या तीन वर्षांसाठी ओसाका शहराचा हप्ता ९,२४९ येन आहे, तर टोकियोच्या अखत्यारीतल्या दूरच्या ओगासावारा बेटांवर ३,३७४ येन. अतिवृद्ध जास्त आणि उत्पन्न कमी असलेल्या गावांना केंद्राच्या वाट्यातून जास्तीची मदत दिली जाते. ती नसती तर गरीब गावांवर दुहेरी मार पडला असता.

हप्त्याशिवाय सेवा घेताना वृद्धांनी खर्चाचा दहावा हिस्सा भरायचा, असा मूळ नियम होता. ऑगस्ट २०१५ पासून चांगले उत्पन्न असलेल्यांना पाचवा हिस्सा आणि ऑगस्ट २०१८ पासून सर्वांत सधन वृद्धांना तीन दशांश हिस्सा भरावा लागतो. हप्त्यांचे उत्पन्नानुसार नऊ टप्पे होते, ते २०२४ पासून १३ झाले. पिढ्यांमधला ताण सोडवायला जपानने पिढीच्या आतली वाटणी बदलली. गरीब वृद्धांचा भार सधन वृद्धांनी उचलावा, म्हणजे सगळा भार तिशी-चाळिशीतल्यांवर येत नाही.

तरीही ताण संपलेला नाही. एकूण खर्च २००० मधल्या ३.६ लाख कोटी येनवरून ११ लाख कोटींच्या वर गेला आहे. १९४७ ते १९४९ मध्ये जन्मलेली मोठी पिढी २०२५ पर्यंत पंचाहत्तरी ओलांडून गेली. विम्याचे वय चाळिशीहून खाली आणावे का, हा वाद पुन्हा पुन्हा निघतो आणि मागे पडतो. तिशीतल्यांवर आधीच घरभाडे, लहान मुले आणि अस्थिर नोकऱ्या यांचा भार आहे, हे सर्वांना माहीत आहे. वय खाली आणण्याआधी वरच्या वयातल्या संपत्तीकडे पाहावे, हे मला जास्त न्याय्य वाटते.

घर कोणाचे वाचते?

संपत्तीचा हा मुद्दा इंग्लंडमध्ये सर्वांत उघडपणे पुढे आला. तिथे असा विमा नाही. २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर वृद्धाश्रमाचा पूर्ण खर्च स्वतः करायचा, आणि ज्या घरात जोडीदार राहत नाही ते घरही या मोजणीत येते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे घर विकले जाते. हृदयविकाराने आजारी पडलेल्याचे उपचार सरकारी आरोग्यसेवा मोफत करते. २०११ मध्ये अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने सुचवले की माणसाच्या आयुष्यभरातल्या शुश्रूषा-खर्चाला ३५,००० पौंडांची मर्यादा असावी. २०१४ च्या कायद्यात ७२,००० पौंडांची मर्यादा आली, पुढे ढकलली गेली आणि सोडून दिली गेली. २०२१ मध्ये सरकारने ८६,००० पौंडांची मर्यादा जाहीर केली आणि त्यासाठी पगारांवर सव्वा टक्क्याची नवी आकारणी आणली. ती एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये बंद झाली. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती मर्यादाही रद्द केली.

त्या आकारणीवरचा सर्वांत मार्मिक आक्षेप पिढ्यांच्या न्यायाचाच होता. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुण नर्सच्या पगारातून पैसे कापायचे आणि त्यातून ज्यांची घरे वाचवायची, ती घरे वारशाने तिला मिळणार नाहीत. ती दुसऱ्या, बहुधा सुस्थितीतल्या तरुणांना मिळतील. जर्मनीतही हाच प्रश्न आहे. तिथला विमा खर्चाचा ठरावीक भागच देतो. वृद्धाश्रमात पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून २०२५ मध्ये महिना सरासरी सुमारे ३,००० युरो जात होते. हा आकडा खाली आणा, ही मागणी रास्त आहे. पण ती मागणी केवळ पगारावरच्या वर्गणीतून पुरवली, तर मजुरीवर जगणारे तरुण इतरांचा वारसा जपत राहतील. जर्मनीत ठरावीक मर्यादेपुढच्या पगारावर वर्गणी लागत नाही, आणि साधारण दहातला एक माणूस, त्यांत मुख्यतः सधन आणि सरकारी अधिकारी, वेगळ्या खासगी सक्तीच्या विम्यात आहे.

म्हणून ‘तरुण विरुद्ध म्हातारे’ अशी मांडणी मला अपुरी वाटते. म्हाताऱ्यांत तीन फ्लॅट असलेलेही आहेत आणि विधवा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याही. तरुणांत वारसदार आहेत आणि कर्जबाजारीही. पिढ्यांची सरासरी काढली की हे सगळे पुसले जाते.

सिंगापूरने जवळजवळ दुसरा मार्ग धरला. तिथे १९८० किंवा नंतर जन्मलेल्यांना २०२० पासून सक्तीचा विमा आहे; ३० ते ६७ या वयात हप्ते भरायचे आणि सहापैकी तीन दैनंदिन क्रिया स्वतः करता येईनाशा झाल्या की जन्मभर दरमहा रक्कम मिळते. सुरुवातीला ती ६०० डॉलर होती. प्रत्येक पिढी आपले आपण साठवते, त्यामुळे नातवंडांवर भार पडत नाही. पण तिशीतल्या पुरुषाचा पहिला वार्षिक हप्ता २०६ डॉलर होता आणि स्त्रीचा २५३. स्त्रिया जास्त जगतात आणि जास्त वर्षे परावलंबी राहतात, हे त्याचे कारण. ज्या स्त्रिया आयुष्यभर इतरांची शुश्रूषा करतात, त्यांनाच स्वतःच्या शुश्रूषेसाठी जास्त भरावे लागते. पिढ्यांमधला हिशेब चोख झाला, स्त्री-पुरुषांमधला बिघडला.

आपल्याकडचे दोन दाखले

हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे १.७ मुले आहेत, म्हणजे पिढी जागेवर राखण्याइतकीही नाहीत. एकुलती एक मुलगी आणि एकुलता एक मुलगा लग्न करतात, तेव्हा चार म्हाताऱ्या माणसांची जबाबदारी दोघांवर येते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळू शकतात. ही मोठी गोष्ट आहे. पण डिस्चार्जनंतर घरी काय, याचे उत्तर त्यात नाही. तिथे ब्युरोतून बाई ठेवायची, दिवसपाळीची आणि परवडली तर रात्रपाळीची, किंवा घरातल्या कोणी नोकरी सोडायची.

जर्मनीसारखी पगारावरची वर्गणी इथे चालणार नाही, कारण बहुसंख्य कामकरी लोकांकडे पगारपत्रकच नाही, असे म्हटले जाते. या आक्षेपाला महाराष्ट्राच्या इतिहासातच दोन उत्तरे आहेत. पहिले, १९६९ चा माथाडी कायदा. हमालाचा एकच एक मालक नसतो, म्हणून माल उतरवून घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक टक्के रक्कम मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून हमालांचा भविष्यनिर्वाह निधी, सुट्ट्या आणि दवाखाना चालवायचा. असंघटित माणसाची वर्गणी गोळा करता येते, हे या राज्याने दाखवून दिले आहे. दुसरे, १९७५ पासूनचा व्यवसाय कर. पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये म्हणून दिसणारी ही कपात रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांकडून पैसा घ्यायचा, राज्याने तितकीच भर घालायची आणि तो दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम द्यायला वापरायचा. नावानिशी सांगितलेल्या कारणासाठी समाजाने एकमेकांसाठी कर भरणे आपल्याला नवीन नाही.

या हिशेबात आणखी एक पक्ष आहे. प्रत्यक्ष शुश्रूषा करणारे हात बहुतेक तरुण स्त्रियांचे असतात आणि त्यांना कमी पैसे मिळतात. वृद्धांचा हप्ता कमी ठेवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे या मजुरीवर टाच आणणे, आणि तो सर्वांत अन्यायाचा आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात आरोग्यसेवेतले कर्मचारीही आहेत. मुलांना तिथे रास्त पगार मिळतो, ही आनंदाची बाब आहे. पण एका म्हाताऱ्या होत चाललेल्या समाजाची तूट दुसऱ्या म्हाताऱ्या होत चाललेल्या समाजाला कायमची भरून काढता येणार नाही. इथल्या शुश्रूषेच्या कामालाही पगार, प्रशिक्षण आणि मान मिळावा लागेल.

या देशांच्या अनुभवातून न्याय्य विम्याच्या काही अटी स्पष्ट होतात. घरात बिनमोल होणाऱ्या श्रमाची नोंद व्हावी आणि ते करणारीच्या म्हातारपणाची तरतूद व्हावी. वृद्धांनीही आपल्या ऐपतीप्रमाणे भरावे आणि तो वाटा लोकसंख्येबरोबर कसा बदलेल हे आधीच कायद्यात लिहिलेले असावे. केवळ मजुरीवर नव्हे, संपत्तीवरही भार असावा. मोठी पिढी कमावती असतानाच तिच्याकडून काही राखून ठेवावे. महाराष्ट्रात कमावत्या वयाच्या लोकांची संख्या आज मोठी आहे. ही पिढी पन्नाशी-साठीला पोचल्यावर सुरुवात केली, तर आपण तिलाही पहिली चिठ्ठी फुकट देऊ आणि त्याचे हप्ते तिच्या थोड्याशा नातवंडांवर टाकू. आपल्या सासूचे हातांनी करणाऱ्या बाईला त्या चिठ्ठीचा हक्क होता. आपल्याकडे मात्र अजून वर्गणी सुरू करायला वेळ आहे, आणि म्हणूनच ती सुरू करण्याची जबाबदारीही आपल्याच पिढीची आहे.